पंपवाल्यांच्या घरचे पाच शब्द

पंपवाले म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस चौकात बसून सायकलींच्या चाकांत हवा भरत असणार. काम नेमकं उलटं होतं. ते हवा भरत नसत, काढून घेत, आणि तीही लोकांच्या नाकासमोरून. साबणाच्या दोन वड्या एकमेकींवर ठेवाव्यात एवढं यंत्र, ते कमरेला बांधायचं. त्याची नळी पाठीवरून वर आणून कॉलरला चिमट्यानं अडकवायची. नळीच्या तोंडाशी पांढरीशुभ्र गोल चकती. माणूस दिवसभर जी हवा आत घेई तीच हवा यंत्रही ओढून घेई आणि हवेतली बारीक धूळ चकतीवर बसे. दुसऱ्या दिवशी पंपवाले जाऊन यंत्र सोडवून आणत आणि संस्थेतल्या थंडगार खोलीत चकतीचं वजन होई. कोऱ्या चकतीचं आधीच केलेलं असे. जे वाढलं ते त्या माणसाच्या वाट्याला आलेल्या धुळीचं वजन. इतकं सरळ काम, पण सांगायला गेलं की लोक म्हणत, "म्हणजे तुम्ही पंपवाले." शेवटी त्यांनी हात टेकले आणि तेच नाव लावून घेतलं.

बरं, ही धूळ म्हणजे टेबलावरून बोट फिरवलं की दिसते ती नव्हे. ती बिचारी जाडीभरडी, नाकातच अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. ही डोळ्याला दिसतच नाही. केसाच्या जाडीचे तीस भाग करा, त्यातल्या एका भागाएवढी. गाड्यांच्या धुरातून येते, भट्ट्यांतून येते, जाळलेल्या कचऱ्यातून येते आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिथून थोडी रक्तातही उतरते म्हणतात. हे सगळं पंपवाल्यांनी इतक्या दारांत उभं राहून सांगितलं होतं की सांगताना तोंड आपोआप चाले आणि लक्ष पुढच्या घराच्या जिन्याकडे असे. लोकांच्या तक्रारीही ठरलेल्या. यंत्र गुणगुणतं, झोप येत नाही, मांजर बिचकतं, ऑफिसातले हसतात. ते सगळ्याला "हो हो" म्हणत. माणूस कामचुकार नव्हता हो, दमला होता.

ते नोकरीला लागले तेव्हा दारात विचारायचे प्रश्न सोपे होते. खोकला येतो का? कफ पडतो का? एक नळकांडं देऊन जोरात फुंकायला सांगायचं, झालं काम. तेव्हा जगातले सगळे संशोधक फुप्फुसाच्या मागे लागले होते. मग काही वर्षांनी मॅडमनी नवे प्रश्न दिले. मॅडम म्हणजे संस्थेच्या प्रमुख; शांत बाई, कुणावर आवाज चढवायच्या नाहीत. छातीत कळ येते का? घरात कुणाला झटका आलाय का? नाडी मोजा, रक्तदाब घ्या. गाडी हृदयावर आली होती. त्यानंतर साखर आली, मग गरोदर बायका आल्या, कमी वजनाची बाळं आली. मॅडमच्या टेबलावर देशोदेशीच्या अभ्यासांची चळत असे आणि ती दरवर्षी उंचच होत जाई.

"संशोधनातही वारं असतं," मॅडम एकदा म्हणाल्या. "पण उगाच सुटत नाही ते. कुठेतरी कुणीतरी काहीतरी पाहिलेलं असतं. मग दुसरा तपासतो, मग तिसरा. कुणाला काहीच सापडत नाही, तेही लिहायचं. असं करत करत चित्र बनतं."

"आता कुठलं वारं आहे?" पंपवाल्यांनी विचारलं.

"आता डोकं," मॅडम म्हणाल्या. "विसरभोळेपणा. म्हातारपणी माणसं विसरतात त्यात या धुळीचा हात किती, ते आता सगळे शोधतायत."

पंपवाले चकत्यांची पेटी घेऊन थंड खोलीत गेले. तिथे चकत्यांची वजनं करणारी ताई स्वेटर घालून बसलेली असे, उन्हाळ्यातसुद्धा. ते म्हणाले, "ताई, आपण घशातून आत शिरलो, छातीतून गेलो, पोटात जाऊन आलो, आता डोक्यात पोचलो. यापुढे कुठे?"

"यापुढे केस," ताई काट्यावरची नजर न हलवता म्हणाली. "तिथे तुम्हाला काही काम नाही."

पंपवाल्यांनी आपल्या टकलावरून हात फिरवला आणि पेटी ठेवून निघाले.

डोक्याच्या प्रश्नांत पाच शब्द होते: कुलूप, ढग, बादली, शिट्टी, मीठ. समोरच्याला ते वाचून दाखवायचे, मग इकडचं तिकडचं विचारायचं आणि थोड्या वेळानं म्हणायचं, मघाशी सांगितलेले शब्द आठवतात का? दिसायला पोरखेळ, पण नियम कडक. सगळे शब्द एकाच सुरात, एकाच गतीनं म्हणायचे. कुठल्याच शब्दावर जोर नाही, हातवारे नाहीत. समोरचा अडला तर गप्प बसायचं. सुचवायचं नाही, ओठसुद्धा हलवायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की ज्यानं हे शब्द आधी कुठे ऐकले असतील तो बाद. कारण मग त्याची आठवण मोजली जात नाही, पाठांतर मोजलं जातं. ही चाचणी मॅडमनी आणि मोठ्या रुग्णालयातल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी मिळून बसवली होती आणि शहरातल्या बऱ्याच दवाखान्यांतही तीच वाटली होती.

आता एका सुरात बोलणं ही काही सोपी गोष्ट नाही. करून बघा. पंपवाल्यांना तर ते जमेचना. म्हणून त्यांनी घरी सराव सुरू केला, आणि घरी सराव करायचा तर बायकोसमोरच करायचा, दुसरं होतं कोण? मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली.

बायको शिवणकाम करी. शाळेच्या गणवेशांचे शर्ट. दुकानदार कापलेलं कापड गठ्ठ्यानं आणून टाकी आणि ती ते शिवून देई. हात इतका बसलेला की शर्टाला शर्ट लावून पाहा, दोऱ्याचा फरक नाही. मशीन खिडकीत. घर चौकावर, दुसऱ्या मजल्यावर, खाली सिग्नल. लाल दिवा लागला की बसगाड्या, ट्रक घरघरत बरोबर तिच्या खिडकीखाली उभे राहायचे, हिरवा लागला की काळा लोट सोडून निघायचे, आणि मागून दुसरे येऊन थांबायचे. लग्न करून आल्यापासून ती त्याच खिडकीत बसत आली होती.

एकदा, फार वर्षांपूर्वी, नवं यंत्र चालतंय की नाही ते बघायला पंपवाल्यांनी ते घरच्या खिडकीत दिवसभर टांगलं होतं. चकती काळीकुट्ट निघाली. थंड खोलीतल्या ताईनं विचारलं, "हे कुठल्या भट्टीवर लावलं होतं?" ते म्हणाले, "आमच्या घरी," आणि दोघंही हसली. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, मशीन आतल्या खोलीत घे.

"आत अंधार आहे," ती म्हणाली. "तुमची धूळ मला दिसत नाही आणि ती मला लागतही नाही. सुई मात्र दिसायला लागते."

ते "बरं" म्हणाले. दमून आले होते, जेवायचं होतं. विषय तिथेच राहिला.

तर सराव. ते खुर्चीत बसून म्हणत, "कुलूप. ढग. बादली. शिट्टी. मीठ." ती मशीन चालवत ऐके आणि एकदम थांबून म्हणे, "शिट्टी म्हणताना तुमचा आवाज वर जातो."

"नाही जात."

"जातो. सिनेमागृहात शिट्टी मारणाऱ्या टवाळासारखा जातो. परत म्हणा."

ते परत म्हणत. ती पुन्हा थांबवे. कितीतरी संध्याकाळी असा तास चालला. बाईनं त्यांचा सूर ताळ्यावर आणूनच सोडला. आणि मग ते शब्द घरातलेच होऊन गेले. ते कामाला निघाले की ती आतून विचारी, "कुलूप?" म्हणजे किल्ली घेतलीत ना. जेवताना नुसती भुवई उडवून म्हणे, "शेवटचा शब्द द्या इकडे," आणि ते मिठाची बरणी सरकवत. भांडण झालं की त्यांनी विचारायचं, "काय झालं?" आणि तिनं फणकाऱ्यानं म्हणायचं, "ढग." दोन माणसांच्या घरात बोलायला विषय कमी पडतात, त्यांना पाच पुरले.

बाहेर मात्र नियम म्हणजे नियम. एका घरात निवृत्त शिक्षक भेटले. बायकोची चाचणी चालू असताना पलीकडच्या खोलीत बसून त्यांनी शब्द ऐकले आणि आपली पाळी आल्यावर घडाघडा म्हणून दाखवले. पंपवाल्यांनी त्यांना तिथल्या तिथे बाद केलं. म्हातारबुवा गोरेमोरे झाले. म्हणाले, "आयुष्यभर पोरांना नकला करताना पकडलं, आणि आता तुम्ही मला पकडता?"

"इलाज नाही गुरुजी," पंपवाले म्हणाले. "तुम्हाला येतात हे मला दिसतंय. पण ते आठवतात की पाठ आहेत, हे मला कळणार कसं?"

हे वाक्य ते सहज बोलून गेले. पुढे याच वाक्यानं त्यांचा जीव खाल्ला.

सुरुवात बाहीपासून झाली. दुकानदारानं एक शर्ट परत आणला. दोन्ही बाह्या डावीकडच्या. दुकानदार भला माणूस, हसत म्हणाला, "काकू, हा कुठल्या पोराचा?" तीही हसली, उसवून पुन्हा शिवला. पुढच्या गठ्ठ्यात कॉलर उलटी निघाली. मग काजं भलत्या बाजूला. मग एकदा मुलीचा फोन आला, "बाबा, आईनं मला एकाच फोनवर तीनदा विचारलं, जेवलीस का म्हणून."

"आईच ती," पंपवाले म्हणाले. "जेवलीस का हे विचारणारच."

"बाबा, मी काय म्हणतेय ते कळतंय ना तुम्हाला?"

"काही नाही गं झालेलं. पाचच्या पाच येतात तिला. रोज विचारतो मी."

आणि खरंच येत होते. ते घरी आले की चपला काढता काढता विचारत, "काय, येतात का?" ती म्हणे, "कुलूप, ढग, बादली, शिट्टी, मीठ," आणि त्यांचा जीव भांड्यात पडे. दिवसभर दुसऱ्यांच्या दारात हेच विचारणारा माणूस तो, त्याला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण माणसाला एकदा धीर हवासा वाटला की तो कुठूनही उचलतो.

मग एक दिवस ती दोऱ्याचं रीळ आणायला खाली गेली आणि परत आलीच नाही. त्यांची इमारत म्हणजे एका अंगणाभोवती चार जिने, चारही सारखे, सारखाच कठडा, सारखाच रंग. कोपऱ्यावरचा न्हावी तिला हाताला धरून घेऊन आला. "काकू समोरच्या जिन्यात बसल्या होत्या," तो हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्याच दाराला किल्ली लावत होत्या. त्या घरातले ओरडले, तशा घाबरल्या." त्यांनी न्हाव्याचे आभार मानले, दार लावलं आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते तिला नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी खणातून चाचणीचा कागद काढला. पंपवाल्यांनी तो लांबूनच ओळखला. त्यांचाच तो. डॉक्टर म्हणाले, "काकू, मी पाच शब्द सांगतो हं, लक्षात ठेवायचे." तिनं पुढचं ऐकूनच घेतलं नाही. "कुलूप, ढग, बादली, शिट्टी, मीठ," ती म्हणाली, एका सुरात, एका गतीनं, नवऱ्याला शिकवलं होतं अगदी तसं.

डॉक्टर खो खो हसले. पंपवाल्यांच्या बायकोला पंपवाल्यांचे शब्द येणार नाहीत तर कुणाला येणार! दवाखाना माणसांनी भरला होता. त्यांनी चार इतर प्रश्न विचारले, तिनं दोघांना हसवत वेळ मारून नेली, आणि डॉक्टर म्हणाले, "वयानं होतं थोडं. माझ्यापेक्षा बरी आहे स्मरणशक्ती. झोप नीट घ्या."

पंपवाल्यांनी तोंड उघडलं होतं. 'डॉक्टर, ही बाद आहे,' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड मिटलं. बाहेर येताना तिनं विचारलं, "पास झाले ना?" ते म्हणाले, "झालीस." आणि वर्षभर त्या 'पास'वर त्यांनी दिवस काढले. दुकानदाराचे गठ्ठे कमी झाले, मग बंद झाले. ती रिकाम्या मशीनवर बसून पाय चालवायची आणि सुईखाली कापड नसायचं. ते कानाडोळा करत. मुलीला सांगत, "डॉक्टरांनी बघितलंय." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि ते सांगून सांगून माणूस आतून पार पिचून गेला होता.

एका संध्याकाळी ते घरी आले. चपला काढल्या, विचारलं, "येतात का?"

ती खिडकीत बसली होती. म्हणाली, "अहो, येतात. ते येतातच. पण मला एक सांगा. ते पाच येतात, तर मग आपला जिना का येत नाही?"

त्यांनी चपला उचलून कोपऱ्यात नीट लावल्या.

"आज सकाळी चहात काय घालायचं ते मला सुचेना. पातेल्यासमोर किती वेळ उभी होते. मग मीठ घातलं." ती थोडी हसली. "तोच एक शब्द आठवत होता."

"म्हणून आज चहा..."

"तुम्ही प्यायलात. काही बोलला नाहीत." तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "मी नक्कल करतेय ना हो? त्या तुमच्या गुरुजींसारखी? मला ते कधीचं कळलंय. पण पाच म्हटले की तुमचा चेहरा बघण्यासारखा होतो. दमून आलेले असता. म्हणून म्हणते."

इतकी वर्षं लोकांच्या दारांत उभा राहिलेला माणूस, तो आपल्या घरात जमिनीवर बसून रडला. तिनं त्यांच्या टकलावर हात ठेवला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "जेवलात का?" थोड्या वेळानं पुन्हा विचारलं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या गेल्या पंपवाल्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "बाई, हिला आपले शब्द विचारू नका. ही बाद आहे. मीच पाठ करून घेतलेत. वर्षापूर्वीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

डॉक्टरीणबाई त्यांना वर्षानुवर्षं ओळखत होत्या. त्यांनी त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं, दुसरी यादी काढली आणि वेगळेच पाच शब्द वाचले, सावकाश, एका सुरात. मग तारीख विचारली, वार विचारला, घड्याळ काढायला सांगितलं. घड्याळाचे सगळे आकडे तिनं एकाच बाजूला दाटीवाटीनं बसवले. पंपवाले आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"मघाशी मी काही शब्द सांगितले होते," बाई म्हणाल्या. "आठवतात?"

ती विचार करू लागली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. कित्येक वर्षं हीच नजर त्यांच्यासमोर आली होती, अनोळखी लोकांची, मदत मागणारी, आणि त्यांनी ती निमूट परतवली होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले. शेवटी बाईंना वाईट वाटू नये म्हणून ती अदबीनं म्हणाली, "हे नाही आठवत. दुसरे आहेत माझ्याकडे, ते सांगू?"

औषधं लिहून देताना डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. यानं बरं होणार नाही, थोडं सावकाश जाईल. पंपवाल्यांनी विचारलं, "मागच्या वर्षी आलो असतो तर?"

"थोडा वेळ मिळाला असता," बाई म्हणाल्या. "फार नाही. पण थोडा मिळाला असता."

त्यांनी मान हलवली. हे ओझं आता जन्मभराचं, ते त्यांना कळून चुकलं.

संस्थेत जाऊन ते मॅडमसमोर उभे राहिले. मॅडमना सगळं समजलेलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे केली, स्वतः उठून पाणी आणलं. पंपवाले म्हणाले, "मॅडम, एकच सांगा. ती खिडकी. खिडकीमुळे झालं का?"

मॅडमनी टेबलावरची चळत बाजूला सारली. "मी हो म्हटलं तर खोटं होईल आणि नाही म्हटलं तरी खोटं होईल," त्या म्हणाल्या. "लाख माणसं घेतली, त्यातली रस्त्यालगतची वेगळी काढली, तर त्यांच्यात हे जास्त दिसतं, एवढं सांगता येतं. त्या लाखांतल्या एकीला कशानं झालं, ते नाही सांगता येत. आपल्याकडे तसलं यंत्रच नाही."

"इतक्या चकत्या जमवल्या आपण," पंपवाले म्हणाले.

"हो," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच जमवल्यात बऱ्याचशा."

त्यांना राग यायला हवा होता, पण अंगात तेवढी ताकद नव्हती. आणि मॅडम खरं बोलत होत्या. त्यांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला आणि महिन्याभराची रजा मागितली.

घरी आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते मशीन आत ओढण्याचं. एकट्यानं, धापा टाकत. खिडकी लावून घेतली. ती म्हणाली, "अंधार होतो." त्यांनी नवा दिवा आणून लावला. मशीनवर शिवायला आता काही नव्हतं, तरी लावला.

मग नवे शब्द. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आता सराव चालेल, हवा तेवढा करा. पंपवाल्यांनी पाच शब्द निवडले: अंगण, डावा जिना, दुसरा मजला, निळं दार, आणि त्यांचं स्वतःचं नाव. सकाळ-संध्याकाळ म्हणून घेतले. ती शहाण्या मुलीसारखी त्यांच्यामागून म्हणे, आणि चहा होईपर्यंत पाटी कोरी. पंपवाल्यांच्या नाकी नऊ आले. एकदा चिडून ओरडलेच, "अगं, दारासारखं दार, निळं! त्यात काय आहे एवढं?" ती घाबरून मागे सरकली आणि पटकन म्हणाली, "कुलूप, ढग, बादली, शिट्टी, मीठ." हे म्हटलं की हा माणूस खूश होतो, एवढं तिच्या पक्कं लक्षात होतं.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग उठले, माळ्यावरची पेटी काढली आणि त्यातलं जुनं पितळी कुलूप घेऊन खाली गेले.

कुलूप त्यांनी आपल्या जिन्याच्या कठड्याला, पहिल्या पायरीपाशी, लावून टाकलं. पहिल्या वळणावरच्या भिंतीवर पांढऱ्या रंगानं एक ढग काढला. चित्रकला यथातथाच. शेजारीण म्हणाली, "हे काय, मेंढी काढलीत होय?" त्यांनी कारण सांगितलं, तेव्हा तीच आतून निळा रंग घेऊन आली आणि मेंढीमागे थोडं आकाश लावून दिलं. त्यापुढच्या वळणावर लाल बादली पालथी घालून ठेवली. आपल्या दाराच्या कडीला सुतळीनं शिट्टी टांगली. आणि दार ढकलून आत आलं की समोरच, टेबलाच्या मधोमध, मिठाची बरणी.

पहिले काही दिवस ते तिच्याबरोबर चढले. कुलपाला हात लावून ती म्हणे, "कुलूप," आणि पुढचा शब्द तिचा तिला वर ओढून नेई. मग ते दोन पायऱ्या मागे राहू लागले, मग खाली अंगणात, मग घरात. न्हाव्याचं खालून लक्ष असे. दोऱ्याचं काम नव्हतं तरी ती अधूनमधून रीळ आणायला जाई, पांढरंच आणी. आतल्या खोलीत पांढऱ्या रिळांची रास झाली.

त्या दिवशीही ती रीळ आणायला गेली होती. दुपार होती. पंपवाले टेबलाशी बसून होते, पंखा फिरत होता, बंद खिडकीपलीकडे सिग्नलला गाड्या घरघरत होत्या. खालून तिचा आवाज आला. "कुलूप." थोड्या वेळानं, "ढग." दम लागला होता, मध्ये थांबली. "बादली." मग तिच्या चपला दारापाशी येऊन थांबल्या आणि शिट्टी कडीवर हलकेच वाजली.

"शिट्टी," ती म्हणाली.

आणि मग काहीच नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. पलीकडे ती उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. "शिट्टी," ती पुन्हा म्हणाली, जरा घाबरून. पंपवाले सवयीनं गप्प बसले. समोरचा अडला की थांबायचं. सुचवायचं नाही, ओठ हलवायचा नाही. उभ्या नोकरीत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. गुरुजींसाठी नाही, रुग्णालयातल्या त्या खोलीत हिच्यासाठीसुद्धा नाही. बाहेर चपला मागे वळल्याचा आवाज झाला. ती जिन्याकडे निघाली होती.

"मीठ!" पंपवाले मोठ्यानं म्हणाले.

चपला थांबल्या.

"हां, मीठ," ती म्हणाली, आणि दार ढकलून आत आली.